मधली जागा

पैलवानाने खालून दोन्ही हात आडवे पसरले. म्हणजे थांब. मी थांबलो. क्रेनच्या केबिनमधून पाहिले की खालच्या माणसाची नुसती टोपी दिसते, तोंडावर काय आहे ते कळत नाही. मग त्याने मला हात हलवून खाली बोलावले. आमच्या खुणांमध्ये “खाली ये” अशी खूण नाही. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, सावकाश, थांब, एवढ्याच खुणा, आणि त्या सगळ्या मालासाठी असतात. लहान मुलाला बोलवावे तसा तो हात हलवत होता.

माल हवेत लटकत होता. लटकता माल सोडून क्रेनवाल्याने उठायचे नसते. मी पायाने घंटी दिली, माल सावकाश लाकडी ठोकळ्यांवर टेकवला, साखळ्या सैल झाल्याचे पाहिले, बटण बंद केले आणि शिडी उतरलो. तेवढा वेळ गेला नसता तर मी बायकोला जिवंत पाहिले असते का, हा विचार पुढे पुष्कळदा मनात आला. पण माल हवेत ठेवून उठता येत नाही.

“मुलीचा फोन होता,” पैलवान म्हणाला. “हॉस्पिटलमधून. चल, मी येतो बरोबर.”

पैलवान हा खाली उभा राहून मला खुणा करणारा माणूस. अंगाने काडीसारखा, म्हणून पैलवान. आम्ही दोघे त्याच शेडमध्ये काळ्याचे पांढरे झालो. तो वाटेत एक शब्द बोलला नाही, तेव्हाच मला कळायला हवे होते. एरवी त्याचे तोंड बंद ठेवायला फक्त डबा उघडावा लागतो.

पोचलो तेव्हा माझी बायको गेली होती. मुलगी खाटेजवळ उभी होती, तिच्या हातात आईचा चष्मा होता. डॉक्टरबाई चांगल्या होत्या. त्या हळू आवाजात म्हणाल्या, “फार त्रास झाला नाही शेवटी. असं होणार याची तुम्हाला कल्पना होतीच. मुलीला आम्ही सगळं समजावून सांगितलं होतं.”

मला कल्पना नव्हती. मला वाटत होते की तिला पित्ताचा त्रास आहे. ती तसेच सांगत होती. जेवण कमी झाले, पित्त. वजन उतरले, पित्त. मी तिला गोळ्या आणून देत होतो आणि ती समोर बसून त्या घेत होती.

डॉक्टरबाई गेल्यावर मी मुलीकडे पाहिले.

“तुला माहीत होतं?”

“हो, बाबा.”

“कधीपासून?”

“उन्हाळ्यापासून. आईने माझ्याकडून शब्द घेतला होता. ती म्हणाली...”

मी पाठ फिरवली. ती काय म्हणाली ते मी ऐकले नाही. “कधीपासून” हा त्या दिवशी मी माझ्या मुलीशी बोललेला शेवटचा शब्द. त्यानंतर दफन झाले, लोक आले, लोक गेले, आणि मी तिच्याशी बोललो नाही.

अबोला ही आमच्या घरातली जुनी वस्तू होती, कपाटासारखी. मी चिडलो की ओरडत नाही, ताट फेकत नाही, हात उगारत नाही. बोलणे बंद करतो. काही हवे असले तर तिसऱ्या माणसाला सांगतो. मुलगी बोलायला लागली तेव्हापासून ते तिसरे माणूस तीच. “तुझ्या आईला सांग, माझा डबा भरू नको.” आई समोरच उभी असायची. मुलगी तिच्याकडे वळायची, “आई, बाबा म्हणतात डबा भरू नको.” मग बायको म्हणायची, “तुझ्या बाबांना सांग, भरून झालाय. आता तो काय मी कामावर घेऊन जाऊ?” लहान होती तोवर मुलीला हा खेळ वाटायचा. ती दोघांच्या नकला करून निरोप पोचवायची. मोठी झाल्यावर नकला बंद झाल्या, निरोप चालू राहिले.

चर्चच्या मंडळीत आम्ही जायला लागलो ते बायकोमुळे. बाप्तिस्मा झाल्यावर ज्याने त्याने उभे राहून साक्ष दिली. कोणी दारू सोडली होती, कोणी शिवीगाळ. मी सांगितले, मी तंबाखू सोडली. सगळ्यांनी प्रभूची स्तुती केली. घरी जाताना बायको म्हणाली, “तंबाखू सोडलीत ते फार बरं झालं. भिंती वाचल्या. अबोला कधी सोडताय?”

“ते काय पाप आहे?”

“तंबाखू थुंकली की दिसते,” ती म्हणाली. “हे दिसत नाही, म्हणून कोणी साक्ष मागत नाही.”

यावरही मी दोन दिवस बोललो नाही.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाची एक रीत आहे. भाकरीचे ताट पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, स्वतः सगळ्यांना वाटत नाहीत. ते बाकाच्या टोकाला बसलेल्याच्या हातात देतात. त्याने ते शेजारच्याकडे धरायचे आणि तोंडाने म्हणायचे, “हे तुझ्यासाठी.” मग शेजारच्याने तुकडा घ्यायचा, ताट हातात घ्यायचे आणि पुढच्याला तेच म्हणायचे. शब्द म्हटल्याशिवाय पुढचा माणूस हात पुढे करत नाही. मी टोकाला बसायचो, मग बायको, मग मुलगी. घरात अबोला चालू असला तरी तिथे मला बायकोला एक वाक्य म्हणावे लागायचे. तिला ते चांगले ठाऊक होते. ताट घेताना ती हळूच म्हणायची, “फुटला ना आवाज? आता घरीही फोडा.” पुढे मी शहाणा झालो. चिडलेला असलो की प्रभुभोजनाच्या रविवारी जादा पाळी मागून घ्यायचो.

आता ती गेल्यावर येणाऱ्या प्रभुभोजनाच्या रविवारीही मी जादा पाळी मागितली होती. त्याच रविवारी दुपारच्या बसने मुलगी जाणार होती. दुसऱ्या गावी हॉस्पिटलच्या प्रयोगशाळेत तिला नोकरी लागली होती. आईच्या आजारपणामुळे तिने ती पुढे ढकलली होती, हेही मला आता कळले होते. आणखी ढकलता येत नव्हती.

बायकोची धाकटी बहीण दफनापासून आमच्याकडे राहिली होती. मी सगळे तिच्यामार्फत बोलत होतो.

“तिला विचारा, कपाटाची किल्ली कुठे आहे.”

मुलगी तिथेच भांडी पुसत होती.

“तिला कान आहेत, भाऊजी,” मेहुणी म्हणाली. “आणि तुम्हाला तोंड आहे. आत्ताच जेवताना पाहिलंय मी.”

मुलीने किल्ली आणून टेबलावर ठेवली. माझ्या हातात दिली नाही.

प्रभुभोजनाच्या आधीच्या बुधवारी मेहुणीने आपली बॅग भरली. मी दारात उभा होतो.

“अजून थोडे दिवस राहिला असतात.”

“माझंही घर आहे. तिकडे नवरा आहे, त्याला साधं अंडं उकडता येत नाही. आणि इथे मी करते काय? तुमच्या दोघांतली टेलिफोनची तार होऊन बसलेय.” तिने चप्पल घातली. “तिने का सांगितलं नाही, ते विचारलंत तिला?”

“तिला म्हणावं...”

“मी काही म्हणणार नाही. रविवारी ती जातेय. त्याच्या आत विचारा. नाहीतर ती परत कशाला येईल, भाऊजी? भिंती बघायला? ताईने त्या फार काळ बघितल्या.”

ती गेली. संध्याकाळी मी आणि मुलगी जेवायला बसलो. एवढ्या वर्षांत आम्ही दोघेच कधी त्या टेबलावर बसलो नव्हतो. तिसरी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवलेली होती. चमच्यांचा आवाज नको इतका येत होता.

“सकाळी पहिली पाळी आहे,” मी खिडकीकडे बघून म्हणालो. “डबा नको म्हणावं.”

“कोणाला म्हणावं?” मुलगी म्हणाली.

मी पाण्याचा ग्लास उचलला.

“घरात तिसरं कोण आहे, बाबा? मावशी गेली. आई गेली. मी कोणाला जाऊन सांगू?”

मी पाणी प्यायलो. पेला रिकामा झाला तरी तोंडाला लावून ठेवला.

“मी सांगते, तुम्ही विचारणार नाही म्हणून,” ती म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, नळाला पाणी कधी येते ते सांगावे तसा. “रिपोर्ट मिळाला त्या दिवशी आम्ही हॉस्पिटलच्या बाहेर बाकावर बसलो होतो. डॉक्टर म्हणाल्या होत्या की आता फक्त दुखणं कमी करता येईल. मी म्हटलं, बाबांना फोन करू. तिने माझा हात धरला. म्हणाली, नको. यांना कळलं की हे बोलायचे बंद होतील. आधी माझ्यावर चिडतील, मग देवावर, मग गप्प बसतील. मला राहिलेले दिवस बोलत्या घरात काढायचेत.”

मी पेला खाली ठेवला.

“एवढंच म्हणाली. मी तिला तेवढं दिलं. मला अजूनही नाही वाटत मी चुकले. तुम्हाला वाटत असेल तर माझ्यावर चिडा. पण बोलून चिडा.”

उन्हाळ्यापासूनचे महिने माझ्यासमोर उभे राहिले. त्या दिवसांत बायको रोज संध्याकाळी मला शेडमधले सगळे विचारायची. पैलवान आज काय म्हणाला, कोणाचा माल उचलला, सुपरवायझर कोणावर तापला. मी सांगायचो आणि ती हसायची. त्या सगळ्या काळात आमच्यात एकही अबोला झाला नव्हता. मी एकदा तिला म्हणालोही होतो, की पाळक म्हणतात ना मन नवे होते, तसे आपले होत आले बघ. ती म्हणाली, “हो, दिसतंय.” आणि माझ्या ताटात वाढले. मी मनातल्या मनात खूश होतो. मला वाटत होते की मी बदललो. मी बदललो नव्हतो. मला चिडायला काही मिळू नये, याची दोघी काळजी घेत होत्या.

मला एक गोष्ट विचारायची होती.  त्या बाकावर बायको घाबरली होती का. हे जगात फक्त माझ्या मुलीला माहीत होते. ती समोर बसली होती, हात टेबलावर ठेवून, आणि वाट पाहत होती. तोंड उघडले असते तर तेच बाहेर आले असते. मी उठलो, ताट धुतले आणि खोलीत गेलो.

मागून दिवा बंद केल्याचा आवाज आला.

सकाळी पत्र्यांचा गठ्ठा उचलायचा होता. पैलवानाने साखळ्या अडकवल्या, मला “सावकाश वर” केले, साखळ्या ताणल्या, आणि “थांब” केले. एक साखळी कडेवर तिरकी बसली होती. ती सरळ करायला तो वाकला. मग त्याने दुसऱ्याकडे ठोकळा मागायला हात वर केला. मला ती “वर” ची खूण वाटली.

अशी चूक कोणाकडूनही होते. म्हणून तर पायाशी घंटी असते. प्रत्येक वेळी हलवण्याआधी घंटी द्यायची. ती वाजली की खालचा माणूस हात काढतो, मग माल हलतो. मी घंटी दिली नाही. माझा पाय तिच्यापासून बाजूला होता. मी नुसता दांडा ओढला.

खालून ओरडणे ऐकू आले. मी दांडा सोडला. शेडमध्ये सगळे थांबले. दोघेतिघे दोन्ही हात आडवे करून उभे होते. थांबायची खूण कोणीही करावी, ती नेमलेल्या माणसाचीच हवी असे नसते. मला पैलवानाची टोपी दिसत होती. ती हलत नव्हती. मग त्याने हात वर केला. हातावर हातमोजा नव्हता. मोजा साखळी आणि पत्र्याच्या मध्ये होता, चपटा झालेला.

हात वाचला होता. मोजा सैल होता, म्हणून वाचला होता.

माल उतरवल्यावर मी खाली जायला उठलो, तर पैलवानच शिडी चढून येत होता. त्याच्या गुडघ्यांनी हे काम कधीच सोडले होते. केबिनच्या दारात बसून त्याने आधी श्वास घेतला. मग हाताची बोटे माझ्यासमोर धरून एकेक हलवून दाखवली.

“आहेत सगळी. मोजून घे.”

“चुकलं माझं,” मी म्हणालो.

“घंटी का नाही दिलीस?”

“विसरलो.”

“तू विसरत नाहीस. तुझं बिनसलं की पाय उचलून घेतोस. मी काय आज ओळखतो तुला? पूर्वी त्या गोदामवाल्याशी तुझं वाजलं होतं, तेव्हा महिनाभर आम्ही सगळे अंदाजाने बाजूला होत होतो.” त्याने बोटे चोळली. “माझ्यावर चिडला होतास का?”

“नाही.”

“मग कोणावर चिडून माझा हात घेत होतास?”

मी खाली पाहिले. सुपरवायझर मोजा हातात घेऊन उभा होता आणि वर बघत होता.

“त्याला मी काही सांगणार नाही,” पैलवान म्हणाला. “तू सांग. तुझ्या तोंडाने. आणि मला खाली उतरायला हात दे, वर येताना मी परतीचा विचार केला नव्हता.”

मी सुपरवायझरला सांगितले. घंटी दिली नाही, चूक माझी. तो शिव्या देणारा माणूस आहे, पण त्याने शिव्या दिल्या नाहीत. मोजा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “मोठ्या दुःखातून आलाय तुम्ही, ते मला कळतं. पण मला खाली माणसं उभी करायची आहेत. थोडे दिवस केबिनमध्ये चढू नका. मी सांगीन तेव्हा.”

“रविवारची जादा पाळी?”

“कसली जादा पाळी?” तो म्हणाला.

म्हणून रविवारी माझ्याकडे कोणतेच कारण नव्हते.

मुलगी माझ्या आधी तयार झाली होती. तिची बॅग दाराशी होती. रस्त्याने आम्ही बरोबर चाललो. बरोबर म्हणजे ती पुढे, मी मागे. शेडमधले तिला कळले होते, पैलवानाच्या बायकोकडून. तिने त्याबद्दल काही विचारले नाही. कोपऱ्यावर गाड्या होत्या, तेव्हा ती थांबली. मी पोचेपर्यंत थांबली आणि मग ओलांडली.

बाकावर ती आपल्या नेहमीच्या जागी बसली. मी टोकाला बसलो. मध्ये एका माणसाची जागा राहिली. मागाहून आलेल्या एका बाईने तिथे बसायला पाहिले, पण तिच्या लक्षात आले, आणि ती पलीकडून फिरून मुलीच्या शेजारी जाऊन बसली. पैलवान पुढच्या बाकावर होता. त्याने वळून पाहिले नाही, नुसता हात वर करून बोटे हलवली.

पाळक त्या दिवशी मनाबद्दल बोलले. म्हणाले, “मन एकदा नवं झालं की झालं, असं कोणाला वाटत असेल तर त्याने आपलं अंथरूण आठवावं. सकाळी घडी घालतो. रात्री पुन्हा विस्कटतं. म्हणून कोणी घडी घालायचं सोडतं का? आता काही जण सोडतात, मी त्यांच्या घरी जाऊन आलोय.” लोक हसले. मी हसलो नाही. बायको असती तर तिने मला कोपराने ढोसले असते.

मग ते म्हणाले की ज्याचे कोणाशी काही राहिले असेल त्याने आधी ते मिटवावे आणि मग या मेजाकडे यावे. हे ते दर वेळी म्हणतात. त्यानंतर ते थोडा वेळ गप्प उभे राहतात. तो वेळ मला नेहमी फार वाटायचा. त्या दिवशी तो लवकर संपला.

ताट माझ्या हातात आले. “हे तुझ्यासाठी,” पाळक म्हणाले. मी तुकडा घेतला.

आता ताट मुलीकडे द्यायचे होते. हात लांब केला तरी ते तिच्यापर्यंत पोचत नव्हते. मध्ये जागा होती. ताट बाकावर ठेवून सरकवता आले असते, तसा विचार माझ्या मनात येऊन गेला. मी सरकलो. बायकोच्या जागेवर बसलो. तिथे बाकाची फळी जरा खाली गेलेली आहे, हे मला तोवर माहीत नव्हते.

मी ताट मुलीसमोर धरले. तिचे हात मांडीवर होते. ती ताटाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. माझे तोंड उघडले आणि काही आले नाही.  तिच्या पलीकडची बाई वाट पाहत होती. मागच्या बाकावरचे लोक वाट पाहत होते. ताट त्यांच्याकडे आमच्यानंतर जायचे होते. कोणीतरी खोकले. नुसते ताट तिच्या हातात द्यावे आणि उठून बाहेर जावे, एवढे सोपे होते. आजवर ते मी निरनिराळ्या तऱ्हांनी केलेच होते. कोणी काही म्हणाले नसते. दुःखातला माणूस आहे, म्हणाले असते.

मुलीने हात मांडीवरून उचलले नाहीत. तिला निरोप नको होता. तिला शब्द हवा होता.

“हे,” मी म्हणालो. आवाज गंजलेल्या कडीसारखा आला. पुढच्या बाकावर पैलवानाची मान ताठ झाली.

“हे तुझ्यासाठी.”

तिने तुकडा घेतला. मग ताट दोन्ही हातांनी घेतले. ती काहीच बोलली नाही, कारण त्या वेळी घेणाऱ्याने बोलायचे नसते. ती पलीकडे वळली आणि शेजारच्या बाईला तेच म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षा बरा निघाला. 

उपासना संपल्यावर आम्ही घरी आलो. या वेळी ती पुढे गेली नाही. बसला वेळ होता. मी तिच्यासमोर बसलो, त्याच टेबलाशी, आणि मला कळेना की आता सुरुवात कुठून करायची. अबोला मोडल्यावर काय बोलतात, ते मला कधी शिकावेच लागले नव्हते. ते बायको बघायची. ती लगेच काहीतरी कामाचे काढायची.

“पाणी भरून घेतलंस?” मी म्हणालो.

“घेतलं.”

“तिथे खोलीला कुलूप चांगलं आहे का?”

“आहे, बाबा.”

“नसलं तर सांग. मी येऊन बसवीन.”

“तुम्ही याल?”

“का नाही येणार? मला सध्या कोणी क्रेनवर चढू देत नाही.”

ती हसली. आई हसायची तसे, नाकातून. आणि मग तोंड धुवायला उठून गेली. नळ बराच वेळ चालू होता.

बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली. मी खाली उभा होतो. काच अर्धी उघडत होती.

“पोचलीस की फोन कर.”

“करीन. फोनवर बोलाल ना?”

“बोलीन.”

“मावशीला निरोप नाही द्यायचा.”

“नाही देत,” मी म्हणालो.

बस मागे सरायला लागली. तिने आतून दोन्ही हात आडवे पसरले, शेडमधली थांबायची खूण. लहानपणी मी तिला सगळ्या खुणा शिकवल्या होत्या. मी जागच्या जागी थांबलो. बस वळली तेव्हा तिने हात खाली घेतले.

आता ती रविवारी फोन करते. मी बोलतो. दर वेळी जमते असे नाही. आईचे कपडे तुम्ही अजून कपाटातच ठेवलेत, ते कोणाला तरी द्यायला हवेत, असे ती एकदा म्हणाली आणि माझे डोके फिरले. मी गप्प झालो. फोन कानाला तसाच होता. मला वाटले, ती ठेवून देईल. ती म्हणाली, “मी आहे, बाबा. थांबते.” आणि थांबली. तिच्याकडे कुठेतरी दार वाजले, कोणीतरी बोलले, ती तिथेच होती. शेवटी मी म्हणालो, “अजून काढवत नाहीत मला.” ती म्हणाली, “बरं. राहू द्या मग.” एवढेच होते. एवढे टाळण्यासाठी मी आयुष्यभर भिंतीकडे तोंड करून बसत आलो होतो.

क्रेनवर मला परत चढू दिले आहे. मी माल हलवण्याआधी घंटी देतो, आणि देतो तीही जरा जास्तच. पैलवान खालून कानावर हात ठेवून दाखवतो. डब्याच्या वेळी म्हणतो, “पुरे रे बाबा. हात वाचला, आता कान जातील.”

मंडळीत मी मधल्या जागेवर बसतो. टोकाला पैलवान येऊन बसायला लागला आहे, त्याला कोणी सांगितले नव्हते. ताट देताना तो “हे तुझ्यासाठी” म्हणतो आणि बोटे हलवून दाखवतो. मग मी पलीकडच्या बाईला म्हणतो. आवाज येतो.

सकाळी अंथरुणाची घडी घालतो. दोन अंथरुणांची घालायची सवय आहे, त्यामुळे दुसरे रिकामेच उलगडून त्याचीही घडी घालतो.

मुलीशी मी कुलपाबद्दल बोललो, तिच्या प्रयोगशाळेबद्दल बोललो, तिथल्या पाण्याबद्दल, पैलवानाच्या गुडघ्यांबद्दल, कपड्यांबद्दलही बोललो. हॉस्पिटलच्या त्या बाकावर तिची आई घाबरली होती का, हे मी तिला अजून विचारलेले नाही.